रिकाम्या जागेचे पैसे

"मॅडम, दोनच ओळी आहेत, त्याचे कसले पैसे लावता?" मागच्या आठवड्यातलं हे वाक्य, अजून डोक्यात भणभणतंय.

कॉलेज रोडला पडद्यांचं दुकान, नवीन वेबसाइट, कंटेंट मी लिहिते. त्या दोन ओळी म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन, गूगलवर साइटच्या नावाखाली बारीक अक्षरात दिसतात त्या. साधारण 155 अक्षरांत बसवायच्या, नाहीतर शेवटी टिंबं येतात आणि तुमचं "घरी येऊन मोफत मोजमाप" त्यात गडप होतं. पानभर मजकूर मी गप्पा मारत लिहीन, या दोन ओळींना अख्खी दुपार जाते, पण लोकांना कंटेंट किलोवर हवाय.

तर तिथे एक काका बसले होते. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर, हॉलचे पडदे शिवून व्हायची वाट बघत. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनला नाक लावलं आणि माझं वाक्य बोटांच्या पेरांवर मोजायला घेतलं.

"अगं मुली, हे नव्वदच भरतंय. बाकीची अक्षरं कुठंयत?"

"काका, काना-मात्रा वेगळे धरतात. नाशिक आपल्याला तीन अक्षरं, कॉम्प्युटरला पाच."

"आणि क्ष?"

"तीन. क, पायमोडी आणि ष."

"आम्ही जन्मभर नोटा मोजल्या, एकाच्या तीन कधी नाही लावल्या!"

"दोन शब्दांतली मोकळी जागासुद्धा धरतात," हे मी कशाला बोलले देव जाणे. इतका वेळ मोबाइलमध्ये असलेला मालक एकदम जागा झाला. "मॅडम, रिकाम्या जागेचे मी देणार नाही हां." खरं तर गूगलने 155 असा आकडा कुठे ठरवूनच दिलेला नाही, स्क्रीनच्या रुंदीला बसेल तेवढं दाखवतं आणि पुढचं कापतं, 155 हा आमच्या धंद्यातला अंदाज. पण ते तिथे सांगून आगीत तेल कोण ओतणार.

मग काकांनी उपाय काढला. भाचा पुण्यात आयटीत आहे म्हणे (प्रत्येकाचा असतो). नाशिक पडदे, स्वस्त पडदे नाशिक, पडदे सिडको, पडदे इंदिरानगर, पडदे पाथर्डी फाटा असं सगळं पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लिहायचं, गिऱ्हाइकाला दिसत नाही, गूगलला दिसतं. म्हटलं काका, गूगलला दिसतं म्हणूनच तर पंचाईत आहे, तो त्याला स्पॅम धरतो आणि साइट खाली ढकलतो.

"नोटेत वॉटरमार्क असतो, तो काय स्पॅम आहे?"

यावर काय बोलणार, तुम्हीच सांगा. मालकाला मात्र ते एवढं आवडलं की त्याने काकांना चहा सांगितला. मला विचारलंही नाही.

हे काही एकट्या पडदेवाल्याचं नाही. मिसळवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना "नाशिकमधील नंबर एक"च हवं असतं, आणि आता 2027 चा कुंभ आलाय तर जो तो म्हणतो कुठेतरी कुंभमेळा टाका. याने पण टाकायला लावला. रामकुंडावर डुबकी मारून भाविक पडद्याचं माप द्यायला कॉलेज रोडला येणारेत का? कीवर्ड्स टॅग (पानाच्या कोडमधली, गिऱ्हाइकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) पण भरा म्हणाला, काकांच्या भाच्याने सांगितलंय. तो टॅग आम्ही रँकिंगला धरत नाही हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केलंय, भाच्यापर्यंत अजून पोचलेलं दिसत नाही.

आज सकाळी मालकाचा फोन. गूगलने माझ्या ओळी उचललेल्याच नाहीत. गूगल असं सर्रास करतं, शोधलेल्या शब्दांना जे बरं जुळेल ते पानावरून स्वतःच उचलतं. तर पडद्यांच्या दुकानाखाली आता झळकतंय, "शिवणावळ वेगळी पडेल. सोमवारी दुकान बंद."

"मॅडम, हे तर गूगलनेच लिहिलं, मग तुमचं अर्धंच धरू ना?"

बिल पूर्ण पाठवलंय, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. काकांना शिवणावळ माफ झाली म्हणे, सल्ल्याबद्दल.