‘पाचपैकी पाच’चा फोटो आणि जॅकपॉटचा खोटा फॉर्म्युला

माझा भाचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. परवा त्याने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, तुम्ही रेस बघता ना? हे खरंय का सांगा. आमच्या खात्यातल्या चौघांनी पैसे भरलेत." तोच मेसेज त्याच दिवशी मला आणखी दोन ग्रुपवर दिसला. म्हणून एकट्या भाच्याला न सांगता सगळ्यांसाठी लिहितोय.

मेसेज पुण्याच्या घोड्यांच्या रेसच्या जॅकपॉटबद्दल आहे. त्यातले दावे असे: पाचही रेसचे विजेते काढायचा फॉर्म्युला सापडलाय आणि प्रत्येक रेसला ८० टक्के खात्री आहे. तारखेची बेरीज करून घोड्याचा नंबर काढायचा. नेहमी पाठीवर कमी वजन दिलेला घोडा घ्यायचा. हरलात तर पुढच्या वेळी डबल लावायचे. सुप्रीम कोर्टाची परवानगी आहे आणि जिंकलेल्या पैशाला टॅक्स नाही. ग्रुपची फी २१०० रुपये. पुरावा म्हणून जिंकलेल्या तिकिटाचा फोटो, वर ‘पाचपैकी पाच’.

चौघांनी पैसे भरले ते या फोटोकडे बघून, म्हणून आधी त्याबद्दल. जॅकपॉटमध्ये ओळीने पाच रेसचे विजेते बरोबर यावे लागतात. आता समजा प्रत्येक रेसमध्ये जिंकू शकतील असे तीन घोडे काढले. रेस थोडीफार कळणाऱ्या कुणालाही हे जमतं. पाच वेळा तीन घेऊन गुणाकार केला की २४३ जोड्या होतात, प्रत्येक जोडीत पाच रेसचे पाच घोडे. या २४३ जोड्या २४३ वेगवेगळ्या माणसांना पाठवायच्या. पाचही विजेते त्या तिघा-तिघांतून निघाले, तर एका माणसाचे पाचही बरोबर येणारच, आणि दहा जणांचे बरोबर चार येणार. पहिला माणूस आनंदाने तिकिटाचा फोटो पाठवतो. त्या दहा जणांना सांगितलं जातं, "थोडक्यात हुकलं, पुढच्या वेळी नक्की." चार बरोबर आलेल्यांना जॅकपॉटमध्ये छोटा हिस्सा मिळतोही. टोटवर, म्हणजे रेसकोर्सवरच्या क्लबच्या खिडकीवर, ७० टक्के रक्कम पाच बरोबर आलेल्यांत वाटतात आणि ३० टक्के चार बरोबर आलेल्यांत, त्यामुळे त्यांचाही विश्वास बसतो. उरलेले २३२ जण गप्प बसतात, कारण रेसवर हरलो हे घरात कोण सांगणार? फी मात्र सगळ्यांची जमा झालेली असते. तिकीट खरं असेल, फोटोही खरा असेल, तरी त्यावरून फॉर्म्युला खरा ठरत नाही.

८० टक्क्यांचा दावाही असाच. घटकाभर तो खरा धरू. पाच वेळा ०.८ घेऊन गुणाकार करा, उत्तर येतं सुमारे ०.३३. म्हणजे त्यांच्याच आकड्याने तीन जॅकपॉटपैकी दोन बुडतात, आणि हे लिहितात ‘गॅरंटी’. प्रत्यक्षात फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो घोडासुद्धा जगभर साधारण तीन रेसमधली एकच जिंकतो. प्रत्येक रेसला तीन घोडे घेतले आणि त्यांतला एक जिंकण्याची शक्यता ७० टक्के धरली, तरी पाचही रेस बरोबर येण्याची शक्यता १७ टक्केच उरते. आणि त्या दिवशी पाचही फेव्हरिट आले तर जिंकणारी तिकिटं ढिगाने निघतात. टोटवर सगळ्यांच्या पैशाचा एकच गल्ला असतो. त्यातून कर आणि क्लबचा वाटा वजा होतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. अशा दिवशी २४३ जोड्यांचा खर्चसुद्धा निघत नाही. शिवाय हजार जणांच्या ग्रुपला एकच नंबर दिला, तर तो आला तरी हजार वाटेकरी. खरा फॉर्म्युला हाती असलेला माणूस तो २१०० रुपयांना वाटत बसणार नाही.

आता सगळ्यात घातक वाक्य, "हरलात तर डबल." दहा रुपयांची एक जोडी धरली तर २४३ जोड्यांचे २४३० रुपये. पुढच्या वेळी ४८६०, मग ९७२०, १९,४४०, ३८,८८०, आणि सहाव्या खेपेला ७७,७६०. बेरीज १,५३,०९० रुपये. वरच्या १७ टक्क्यांनी सहा वेळा ओळीने हरण्याची शक्यता जवळपास एक तृतीयांश आहे. कारखान्यात आठवड्याच्या पगारावर चूल पेटते, तिथला माणूस तिसऱ्या खेपेलाच सावकाराच्या दारात जाईल. आणि डबल लावून तूट भरून निघते हेच मुळात खोटं आहे, कारण जॅकपॉटचा भाव आधी ठरलेला नसतो. तुमची तिकिटं वाढली की त्याच गल्ल्याचे वाटे वाढतात. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला समोरच्याच्या घराची काहीही पर्वा नाही.

तारखेची बेरीज आणि नंबर यावर वेळ घालवावा असं काही नाही. हँडिकॅप रेसमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देऊन बरोबरी साधतात त्या रेसमध्ये, घोड्यांचे नंबर वजनाच्या उतरत्या क्रमाने लागतात. ज्याच्यावर सगळ्यात जास्त वजन, तो एक नंबर. बेरीज सात आली आणि रेसमध्ये सहाच घोडे असले, तर सात नंबर आणायचा कुठून?

वजनाच्या दाव्यात मात्र अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. पुण्याचा सीझन पावसाळ्यातला. मैदान मऊ असलं आणि पल्ला लांबचा असला की पाठीवरचं वजन जाणवतं. पण हँडिकॅपर, म्हणजे वजन ठरवणारा अधिकारी, वजन देतो ते घोड्याच्या रेटिंगवरून. आधी चांगला पळाला म्हणूनच त्याच्या खोगिरात शिशाच्या पट्ट्या जास्त. हलकं वजन मिळालेला घोडा बहुतेक वेळा त्या रेसमधला कमकुवत घोडा असतो. बघायचं ते हे: मागच्या रेसपेक्षा वजन वाढलं की घटलं, वरच्या क्लासमधून खाली आलाय का, १२०० मीटरचा घोडा १६०० ला उतरवलाय का, ड्रॉ (सुरुवातीची जागा) कुठला, जॉकी बदललाय का, सकाळच्या सरावात कसा पळाला. जॅकपॉट जाणकारीने खेळणारा माणूस पाचही रेसला तीन-तीन घोडे घेत नाही. ज्या रेसमध्ये एकाच घोड्यावर भरवसा आहे तिथे तो एकच घेतो आणि जिथे काहीही होऊ शकतं तिथे चार. एक, दोन, तीन, चार आणि तीन घेतले तर ७२ जोड्या होतात. यासाठी तासन् तास रेसबुक वाचावं लागतं, आणि तरीही तो माणूस बहुतेक दिवशी हरतो.

सुप्रीम कोर्टाचं म्हणाल तर १९९६ च्या के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू खटल्यात घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं कोर्टाने म्हटलंय, हे खरं. पण तो निकाल कौशल्याबद्दल आहे, कोपऱ्यावर वहीत नंबर लिहून घेणाऱ्याबद्दल नाही. आपल्याकडच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात सूट आहे ती परवान्याच्या चौकटीत, परवानाधारक बुकीकडे किंवा टोटवर लावलेल्या पैशाला. आणि ज्या कौशल्याची कोर्टाने दखल घेतली, त्याचा तारखेच्या बेरजेशी काय संबंध?

टॅक्स नाही हे तर सरळ खोटं. जिंकलेली रक्कम १०,००० च्या वर गेली की ३० टक्के जागीच कापले जातात आणि हरलेल्या तिकिटांचे पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. जीएसटी वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे, आणि नफ्यावर नाही, लावलेल्या रकमेवर.

ज्यांनी फी भरली आहे त्यांनी यूपीआयची पावती, तो नंबर आणि ग्रुपमधले मेसेज जपून ठेवा, ग्रुप सोडण्याआधी स्क्रीनशॉट काढा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. भाच्याच्या खात्यातल्या चौघांपैकी दोघांनी हे केलंय. उरलेल्या दोघांना तो आज सांगणार आहे.