पूर्ण म्हणजे किती?

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक वाद बरीच वर्षं धुमसतो आहे. उपासनेत पेटी-तबल्यावरची जुनी गीतं राहू द्यायची, की ड्रमसेट, गिटार आणि पडद्यावर सरकणारे शब्द आणायचे? ज्येष्ठ म्हणतात, एकच ओळ बारा वेळा म्हणायची, यात भक्ती कुठली? तरुण म्हणतात, तुमच्या गीतांत अर्थ भरपूर आहे, पण गाणाऱ्यांच्या चेहऱ्यावर तो कधी दिसत नाही. चर्च कमिटीच्या बैठका यावर रंगतात, व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचे पडसाद उमटतात आणि आखातात बसलेल्यांचंही मत मागितलं जातं.

मत द्यायचं तर आधी गृहीतकावर द्यावं लागेल. दोन्ही बाजू एक धरून चालतात की देवावरची प्रीती म्हणजे मनात उसळणारी ऊब, आणि ती कोणत्या वाद्याने जास्त उसळते एवढाच काय तो प्रश्न. कतारची राजधानी असलेल्या दोहा शहरातून पाहिलं की हे गृहीतकच डळमळीत वाटतं.

इथे रविवार हा आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून रविवारची उपासना शुक्रवारी होते. मेसाइमीर भागात सरकारने दिलेल्या जागेवर वेगवेगळ्या पंथांची चर्चेस एकाच आवारात आहेत. त्यातलं कॅथलिक चर्च २००८ साली उघडलं. बाहेरून क्रूस दिसत नाही, घंटा नाही. आत जाताना तपासणी. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, इंग्रजीत, मल्याळममध्ये, कोकणीत, तगालोगमध्ये होते. मराठी माणूस यातल्या कुठल्या तरी भाषेत बसतो. हॉटेलात, इस्पितळात, सुरक्षारक्षकाच्या कामात असलेल्यांना शुक्रवारही मोकळा मिळत नाही. वसईत किंवा नगरकडे वातावरणच माणसाला उचलून चर्चपर्यंत नेतं. घंटा, शेजारी, आजी, सण, नाताळचे गोठे, मिरवणूक, सगळे धक्का देतात. इथे धक्का देणारं कोणी नाही, त्यामुळे धक्क्याशिवाय किती चालतं हे लवकर कळतं.

पण परदेशातलं चर्च जास्त खरं असतं, असंही समजू नये. इथला घोटाळा वेगळा. दोन वर्षं गाव न पाहिलेल्या माणसाच्या कानावर अचानक मराठी भजन पडलं की डोळे भरतात. ते अश्रू बहुतेक वेळा अंगणाचे, आईचे, पावसाचे असतात, आणि आपण ते देवाच्या खात्यावर जमा करतो. गावाकडे ड्रमचा ठोका जे करतो तेच इथे घरची ओढ करते. म्हणून अश्रूंनी प्रीती मोजायची पद्धत तिकडे आणि इकडे, दोन्हीकडे फसते.

मुळात आज्ञा काय आहे ते पाहावं. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएलाला सांगितलं आहे की परमेश्वर एकच आहे, त्याच्यावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण शक्तीने प्रीती कर. येशूने मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात हेच वचन उचललं आणि त्यात बुद्धीची भर पडली. यात ‘खूप’ असा शब्द नाही. ‘पूर्ण’ आहे. खूप म्हणजे तापमान, पूर्ण म्हणजे वाटणी न करणं. होशेय संदेष्टा इस्राएलाला दोष देतो तो दुभंगलेल्या हृदयाचा. ८६व्या स्तोत्रात कवी मागतो ते भावना वाढव असं नव्हे, तर माझं चित्त एकवट असं. प्रीती थंड आहे ही तक्रार आपण फार करतो. ती वाटली गेली आहे, ही तक्रार क्वचित ऐकू येते.

वाटली कुठे जाते हे शोधायला त्या जुन्या शब्दांचाच उपयोग होतो. हिब्रूमधला ‘लेवाव’, म्हणजे हृदय, आपल्या सिनेमातल्या दिलासारखा नाही. माणूस जिथे विचार करतो, ठरवतो, ती जागा. ‘नेफेश’ म्हणजे जीव, श्वास. तिसरा ‘मेओद’ चमत्कारिक आहे. एरवी तो ‘अतिशय’ या अर्थाने क्रियाविशेषण म्हणून येतो, इथे त्याला नाम केलं आहे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात यहुदी गुरूंनी त्याचा अर्थ लावला, तुझ्या सगळ्या पैशाअडक्यानिशी. आखातातल्या माणसाने या अर्थापाशी थोडं थांबावं, कारण तो इथे आला आहे तो पैशासाठीच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पगार झाला की पहिली रक्कम गावी जाते, मग खोलीचं भाडं, खाणं, फोन, कर्जाचा हप्ता. उरलं तर दान. उरत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं. त्यात महत्त्व ‘आधी’ला आहे. चार हजार रियाल पगार असेल तर दशमांश चारशे होतो. कर्ज असेल तर शंभराने सुरू करावं, पण पैसे गावी पाठवायच्या आधी, त्याच दिवशी, वेगळ्या पाकिटात. महिनाअखेरचे चारशे आणि पहिल्या तारखेचे शंभर यांत मन एकवटायला शंभरच जास्त कामाला येतात. मात्र दान म्हणजे गुंतवणूक, दहा द्या आणि शंभर घ्या, असं सांगणारा उपदेश हल्ली यूट्यूबवरून दोन्हीकडे पोचतो. त्याचा बिघाड साधा आहे. त्यात प्रीती पैशावरच राहते आणि देव मध्यस्थ होतो. क्लेर्व्होच्या बर्नार्ड या फ्रेंच मठवाशाने बाराव्या शतकात प्रीतीच्या चार पायऱ्या सांगितल्या. स्वतःसाठी स्वतःवर प्रीती, स्वतःच्या लाभासाठी देवावर, देवासाठी देवावर आणि शेवटी देवासाठी स्वतःवर. हा उपदेश माणसाला दुसऱ्या पायरीवरच बसवून ठेवतो. दुसरी पायरी वाईट नाही, बहुतेकांची सुरुवात तिथेच होते. पण तिच्यावर घर बांधता येत नाही.

बुद्धीचं काय? ‘डोकं बाजूला ठेवा, फक्त मोकळे व्हा’ असं संजीवन सभांमध्ये, म्हणजे श्रद्धा नव्याने पेटवायच्या मेळाव्यांत, सांगितलं जातं आणि त्यासाठी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या १९०५ च्या जागृतीचा दाखला देतात. दाखला अर्धाच देतात. त्या वर्षीच्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेला जमण्याची हाक दिली तेव्हा सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्यांची संख्या साडेपाचशेवर गेली होती आणि त्या दिवसातून दोनदा जमत होत्या. जागृती जूनअखेरची. म्हणजे आधीचे सहा महिने रोजचा, कंटाळवाणा म्हणता येईल असा नेम चालू होता. आणि त्याच मुक्ती मिशनमध्ये शेती, स्वयंपाक, दुष्काळातून आलेल्या मुलींचं संगोपन आणि छापखाना चालू होता. खुद्द रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं साध्या मराठीत भाषांतर करत बसल्या, ते ५ एप्रिल १९२२ ला देह ठेवण्याच्या अगदी आधीपर्यंत. क्रियापदांची रूपं तपासणं ही देवावरची प्रीती असू शकते, हे आपल्याकडच्या वादात कोणाच्या खिजगणतीत नाही.

ना. वा. टिळकांच्या भजनांचंही तसंच होतं. जुन्या गीतांचे कैवारी त्यांना पुढे करतात. पण टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले आणि त्यांनी अभंग हातात घेतला, कारण त्यांच्या काळच्या माणसाच्या तोंडी तो होता. पाश्चात्त्य चालींवरच्या अनुवादित गीतांच्या काळात तोच नवा प्रकार होता. तेव्हा पेटी-तबला म्हणजे परंपरा आणि गिटार म्हणजे बंड, ही मांडणी इतिहासाला धरून नाही. माझं मत विचाराल तर अभंग राहावा, कारण त्याचे शब्द पाठ होतात आणि पाठ झालेले शब्द रात्रपाळीत उपयोगी पडतात. पडद्यावरचे शब्द पडद्यावरच राहतात.

आता नेमाबद्दल. सगळ्यात जास्त पडझड इथे होते, आणि कारण बहुधा एकच असतं, सुरुवात मोठी केलेली असते. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागला की माणूस ठरवतो, रोज पहाटे एक तास. तिसऱ्या आठवड्यात शिफ्ट बदलते, दोन दिवस चुकतात, अपराधी वाटतं आणि मग सगळंच सुटतं. वीस मिनिटं पुरतात. पाच मिनिटं नुसतं शांत बसायचं, दहा मिनिटं वचन, पाच मिनिटं उत्तर, म्हणजे आपल्या शब्दांत प्रार्थना. वेळ घड्याळाला न बांधता कामाला बांधावी. ‘पहाटे पाच’ हे पाळीबरोबर मोडतं, ‘अंघोळीनंतर, चहाच्या आधी’ हे रात्रपाळीतही टिकतं. शास्त्र छापील असावं. फोनवर वाचताना दुसऱ्याच मिनिटाला वरून संदेश घसरत येतो आणि हृदय दुभंगतं ते असं, अगदी शब्दशः. मार्काच्या शुभवर्तमानात ६७८ वचनं आहेत. रोज दहा घेतली तर अडुसष्ट दिवसांत संपतं. सकाळी एक आणि रात्री एक स्तोत्र घेतलं तर दीडशे स्तोत्रं पंचाहत्तर दिवसांत होतात. संतापाची, शापाची स्तोत्रं गाळू नयेत. साहेबावरचा राग देवापुढे काढायला त्यांच्याइतकी सोय दुसरीकडे नाही.

रात्री झोपण्याआधी जेझुइट संघाचा संस्थापक इग्नाशियस लोयोला याने घालून दिलेली तपासणी करावी. आधी दिवसाबद्दल उपकार मानायचे, मग स्पष्ट दिसावं म्हणून कृपा मागायची, सकाळपासून तास तास मागे पाहायचं, चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक गोष्ट ठरवायची. सात-आठ मिनिटांचं काम. यात लोक चुकतात ते क्रमात. उपकार सोडून थेट पापांवर येतात, मग तपासणी म्हणजे स्वतःची फिर्याद होते आणि आठवडाभरात नकोशी वाटते. दुसरी चूक मोघमपणाची. ‘आज माझं चुकलं’ याने काही हलत नाही. ‘दुपारी दोनला खोलीतल्या नेपाळी मुलाशी गॅसवरून तुसडेपणा केला’ याने हलतं. नव्या करारातल्या आपल्या पहिल्या पत्रात योहान लिहितो की दिसणाऱ्या भावावर प्रीती नाही त्याची न दिसणाऱ्या देवावर कशी असणार. सहा जणांच्या खोलीत हा भाऊ फारच दिसतो, त्याचा टॉवेलही दिसतो. गावी मोठ्या घरात ही परीक्षा टाळता येते. मंडळीतल्या ज्याच्याशी अबोला आहे त्याच्यापासून चार बाकं लांब बसता येतं. येशूने सांगितलेला क्रम उलटा आहे. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर.

आणि कोरडेपणा येणारच. सहा महिने, वर्षभर प्रार्थनेत काहीच वाटत नाही. प्रीती आटली असं समजून माणूस जास्त जोराच्या सभा शोधायला लागतो. त्याआधी कारण तपासावं. क्रूसभक्त योहान या स्पॅनिश संताने सोळाव्या शतकात तीन खुणा दिल्या, त्या आजही चालतात. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण दुसऱ्याही कशात नाही. आपण देवाची नीट सेवा करत नाही याची आतून चिंता आहे. आणि पूर्वीसारखं मनन प्रयत्न करूनही जमत नाही. तिन्ही असतील तर घाबरायचं कारण नाही, गोडीचं दूध तुटतं आहे एवढंच. पण प्रार्थनेत गोडी नाही आणि रात्री दोनपर्यंत रील्समध्ये आहे, तर तो कोरडेपणा नव्हे, तो आळस. त्याचा उपाय झोप आणि फोन दुसऱ्या खोलीत. पाळ्यांमुळे झोपच होत नसेल तर आधी झोपावं. खचून गेलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश करण्याआधी दोनदा जेवू घातलं आणि झोपू दिलं. आणि घरादारावरची सगळीच इच्छा मेली असेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांकडेही जावं. इग्नाशियसचा नियम असा की उदासीच्या काळात आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. वीस मिनिटं ठरली असतील तर त्या दिवशी एकवीस बसायचं.

इफिसच्या मंडळीने पहिली प्रीती सोडली तेव्हाही बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, तिला सांगितलं ते ‘पुन्हा तसं वाटून घे’ असं नाही. कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, पहिली कामं कर. वाटणं त्या यादीत नाहीच.

एकट्याने हे फार दिवस चालत नाही. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या लोकांनी १७४२ साली ब्रिस्टलमध्ये बारा-बारा जणांचे गट पाडले, ते मुळात चर्चबांधणीचं कर्ज फेडण्यासाठी, दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायला. पैसे मागायला घरी गेलेल्या पुढाऱ्याला माणसं खरी कशी राहतात ते दिसलं आणि वर्गणीचा गट आत्म्याची विचारपूस करणारा गट झाला. इथे परवानगीच्या आवाराबाहेर सभा भरवणं नियमात बसत नाही आणि तो नियम पाळावा. पण चहाच्या टेबलावर दोन मित्रांनी एकमेकांना ‘या आठवड्यात प्रार्थना झाली का, पैसे बाजूला काढले का, कोणाशी अबोला आहे का’ एवढं विचारायला सभा लागत नाही.

राहिली मुलं. अनुवादात त्या आज्ञेला लागूनच सांगितलं आहे की घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता मुलांशी हे बोलत जा. इथली मुलं इंग्रजी शाळेत जातात, प्रार्थनाही इंग्रजीत करतात, आणि आजी-आजोबा तिकडे. दोहा भारताच्या अडीच तास मागे आहे. इकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तिकडे साडेआठ, म्हणजे गावच्या कुटुंब-प्रार्थनेची वेळ. शुक्रवारी व्हिडिओ कॉल लावून दहा मिनिटं एकत्र करता येते. एक स्तोत्र, ओळीआड एक नात आणि एक आजी, मग प्रभूची प्रार्थना मराठीत. नातीला ‘प्रीती’ हा शब्द गाण्यातला वाटतो, तिथे आजीने थांबून समजवावा. फक्त प्रार्थना आधी आणि गप्पा नंतर, कारण एकदा प्लॉटची मोजणी आणि रियालचा भाव निघाला की आजी जेवायला उठते.