डिजिटल गृहस्थाश्रमासाठी काही हितकर सूचना

आपण अद्याप किल्लीने दार उघडत असाल, वाण्याला नोटा मोजून देत असाल आणि सख्ख्या बहिणीचा फोन नंबर आपल्याला पाठ असेल, तर आपल्या मागासलेपणाची मनापासून काळजी वाटणारा एक हितचिंतक या नात्याने मी पुढील सूचना करू इच्छितो.

मनगटावर स्मार्टवॉच अवश्य बांधावे. रात्री झोप कशी लागली हे सकाळी स्वतःला न विचारता घड्याळाला विचारावे आणि त्याने ‘अपुरी’ असा निर्वाळा दिल्यास, कितीही ताजेतवाने वाटत असले तरी, दिवसभर जांभया द्याव्यात. रोज दहा हजार पावले चालावीत. १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापक यंत्राच्या नावातच हा आकडा होता आणि तिथून तो जगभर पसरला, असे कोणी सांगू लागल्यास विषय बदलावा. कमी पडलेली पावले रात्री साडेअकरानंतर हॉलमध्ये येरझारा घालून भरून काढावीत, म्हणजे आपल्या प्रकृतीची वार्ता खालच्या मजल्यावरही पोहोचते.

दिवे आणि पंखे आवाजी आज्ञेवर चालवावेत. भिंतीवरची बटणे म्हाताऱ्यांसाठी असतात.

खिशात रोकड बाळगू नये. २०१६ साली यूपीआय आले आणि सुट्ट्या पैशांची कटकट संपली, हे कोणीही मान्य करील. प्रश्न एवढाच, की २०२५ साली २६ मार्चला आणि पुन्हा १२ एप्रिलला ही व्यवस्था देशभर अडखळली, तेव्हा मिसळ खाऊन झालेल्या माणसाने काय करायचे होते? उत्साही माणसाने अशा वेळी फोन उंच धरून रेंजच्या शोधात रस्त्यापर्यंत जावे आणि मागून येणाऱ्या वेटरशी स्मितहास्य करावे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. आपल्या सोसायटीच्या फाटकावर पाहुण्यांच्या नोंदीचे अ‍ॅप त्वरित बसवून घ्यावे आणि ते बसताच जुना, बिनबोभाट चालणारा इंटरकॉम उपटून भंगारात द्यावा, कारण तो राहिला तर लोक एकमेकांशी बोलतात. आमच्या सोसायटीने नेमके हेच केले. त्याचे फळ गेल्या आठवड्यात माझ्या आत्याला मिळाले. सत्तरी ओलांडलेली ही बाई भोरजवळच्या गावाहून एसटीने स्वारगेटला उतरते, तांदळाची पिशवी सांभाळत रिक्षाने आमच्या फाटकाशी येते आणि तिथे तिला सांगण्यात येते की ‘रिक्वेस्ट टाकली आहे, अप्रूव्हल आले नाही’. अप्रूव्हल येणार कुठून? मी लिफ्टमध्ये, पत्नी ऑफिसच्या बैठकीत आणि अ‍ॅपने आम्हाला धाडलेली सूचना अधांतरी. आत्याकडे बटणांचा फोन. त्यावरून माझा नंबर लावला तर तो ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. पाऊस सुरू झालेला. फाटकावरचा सुरक्षारक्षक तिला ओळखत होता. आत्या त्याला म्हणाली, “अरे, मागच्या दिवाळीला माझी पिशवी तूच वर आणून दिली होतीस की रे!” तो म्हणाला, “हो आजी, पण सिस्टीम घेत नाही.” तेवढ्या वेळात वाणसामान, बिर्याणी आणि मोबाइलची कव्हरे घेऊन आलेली मुले भराभर आत जात होती, कारण त्यांच्या कंपन्यांना कायमची मंजुरी दिलेली आहे. बिर्याणीला मंजुरी आहे, आत्याला नाही!

त्या रक्षकाला मी बोल लावणार नाही. आधी एकदा अ‍ॅपशिवाय कोणाला तरी आत सोडल्याबद्दल त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला होता. दोष त्या समितीचा आहे, जिने त्याच्या डोळ्यांवरचा आणि अकलेवरचा भरवसा काढून घेतला आणि वर ‘आता आपली सोसायटी स्मार्ट झाली’ म्हणून पेढे वाटले. याच अ‍ॅपवर घरकामाला येणाऱ्या बायकांचे फोटो आहेत, त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा आहेत आणि त्यांना तारे देण्याची सोयही आहे. त्यांनी मात्र आपल्याला किती तारे द्यावेत, हा रकाना त्यात नाही. तो असता तर अनेक सुशिक्षित घरांची अब्रू गेली असती.

१९ जुलै २०२४ रोजी एका सदोष अपडेटने जगभरचे संगणक निळे पडले, तेव्हा आपल्याकडच्या काही विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी पेन घेऊन हाताने बोर्डिंग पास लिहून दिले आणि प्रवासी विमानात बसले. विमानात माणूस हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर बसू शकतो आणि तुमच्या बी विंगमध्ये ओळखीची म्हातारी चढू शकत नाही? कसली सुरक्षा ही? चोरटे काय रिक्वेस्ट टाकून येतात?

तुम्हाला यंत्रे हवीत ती खुशाल घ्या, दहा घ्या, मनगटावर बांधा, भिंतीवर लावा. पण ज्याच्याकडे तुमच्यासारखा फोन नाही त्याला दारात उभे करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? दरवेळी यंत्राकडे बोट दाखवून स्वतः नामानिराळे राहता, याची लाज वाटत नाही? पुढच्या सर्वसाधारण सभेत इंटरकॉम परत बसवण्याचा ठराव मी मांडणार आहे. त्या दिवशी ग्रुपवर अंगठे दाखवत घरी बसू नका. खाली या, हात वर करा आणि विरोध करायचा असेल तर तोही माझ्यासमोर उभे राहून करा.