धाप भार टाकणाऱ्यालाच लागते
प्रत्येक मोठ्या रिलीजआधी लोड टेस्टिंगसाठी, म्हणजे एकदम खूप विनंत्या पाठवून सर्व्हर किती भार पेलतो ते तपासण्यासाठी, क्लाउडवर नव्याने मशीन उभी केली जातात आणि पैसे वाचवण्याच्या नादात भार टाकणारी मशीन सर्वांत स्वस्तातली घेतली जातात. काल पुन्हा तेच झाले. क्लस्टरमधल्या सर्व्हरचा सीपीयू जेमतेम 20 टक्क्यांवर होता, तरी नवी कनेक्शन जुळत नव्हती, आणि खापर मात्र सर्व्हरच्याच माथी फोडले गेले. लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी मुळात 32768 ते 60999 एवढीच पोर्ट (कनेक्शन ओळखण्याचे क्रमांक), म्हणजे सुमारे 28 हजार, असतात. क्लायंटने बंद केलेले कनेक्शन आपले पोर्ट 60 सेकंद अडवून ठेवते, त्यामुळे दर विनंतीला नवे कनेक्शन उघडणारे एक मशीन एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टवर सेकंदाला साधारण 470 च्या पुढे टिकूच शकत नाही. हे मी लिहून दिले आहे, दोनदा समजावले आहे! तरीही रात्री 2 वाजता टाइम-वेटमध्ये, म्हणजे बंद झाल्यावरच्या त्याच 60 सेकंदांच्या थांब्यात, अडकलेल्या 28 हजार कनेक्शनांचा आकडा स्क्रीनवर दाखवला, तेव्हा कुठे सगळ्यांना पटले. मग आणखी मशीन घ्यायला गेलो, तर क्लाउड कंपनीने ठरवून दिलेला सीपीयूचा कोटा संपलेला, आणि तो वाढवून मागण्याचा अर्ज कोणी केलेलाच नव्हता.