'ठोकून काढा' म्हणणाऱ्या करदात्याला

व्यसनमुक्तीच्या सोयींसाठी लोकांनी सरकारच्या मागे लागावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर 'एक करदाता' या नावाने प्रतिक्रिया आली. तिचा गोषवारा असा: नशा गर्दुल्ल्यांनी करायची आणि बिल आम्ही भरायचं? चार दिवस आत टाकून ठोकून काढा, सगळी उतरते. आणि निवेदनं देऊन या देशात कधी काही झालंय का?

करदातेसाहेब, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. 'नागरिकांनी दबाव आणावा' असं मोघम लिहून मी मोकळा झालो होतो. असलं निवेदन देताना फोटो निघतो, त्यावर आवकचा शिक्का बसतो आणि ते फायलीत जातं. नेमकं काय मागायचं ते मी सांगायला हवं होतं.

पण आधी ठोकून काढण्याचं. माझा मावसभाऊ ब्राऊन शुगर ओढायचा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सोय नव्हती, म्हणून मावशीने पाटल्या मोडून त्याला एका खासगी केंद्रात ठेवलं. दाराला बाहेरून कुलूप, फोन बंद, भेट महिन्यातून एकदा. मे महिन्यात भेटायला गेलो तर हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, बाही मनगटापर्यंत ओढून बसलेला. मावशीने बाही वर केली तेव्हा पट्ट्याचे वळ दिसले. म्हणजे तुमचा उपाय आम्ही पैसे भरून करून पाहिलाय. सुटून आल्यावर बाराव्या दिवशी त्याने पुन्हा ओढली, आणि ती पूर्वीइतकीच. काही महिने बंद असलं की शरीराची सवय मोडते, जुना डोस झेपत नाही. तुरुंगातून सुटलेली पोरंही अशीच दगावतात. हा वाचला तो शेजारच्या रिक्षावाल्याने वेळेत उचलून नेलं म्हणून.

पुढे त्याला बुप्रेनॉर्फिन सुरू झालं, म्हणजे ब्राऊन शुगरची तलफ शमवणारं पर्यायी औषध. जिभेखाली ठेवायची गोळी. ती विरघळेपर्यंत सिस्टर समोरून हलू द्यायच्या नाहीत. टर्की (नशा न मिळाल्याने होणारा त्रास) थांबली, झोप लागायला लागली, तेव्हा कुठे समुपदेशकाचं बोलणं त्याच्या डोक्यात शिरायला लागलं. फक्त ही गोळी मिळायची शहरात. एसटीने जाऊन येण्यात दिवस जायचा आणि त्या दिवसाचा रोज बुडायचा. पंजाबने २०१७ पासून याच उपचाराची बाह्यरुग्ण केंद्रं गावोगावच्या लोकांच्या आवाक्यात आणली. (एमडीवर, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीवर, अशी पर्यायी गोळी नाही, तिथे समुपदेशन आणि पाठपुरावा यांवरच मदार. म्हणजे माणसं जास्तच लागणार.)

आता तुमचा कर. दारूवरच्या शुल्कातून आपल्या राज्याला वर्षाला २० हजार कोटींहून जास्त मिळतात. पिणारा बिल आधीच भरतोय. उलट त्याला काय मिळतं? 'एम्स'ने केंद्र सरकारसाठी केलेलं देशभराचं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं.

माल विकणाऱ्याला पकडायलाच हवं, त्यात आपलं भांडण नाही. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभला शेकडो किलो मेफेड्रोन सापडलं, सगळ्या पेपरांच्या पहिल्या पानावर आलं. जिल्हा रुग्णालयात व्यसनाच्या रुग्णांसाठी खाटा किती, हे मात्र आतल्या पानावरही येत नाही. आणि ज्या १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने धरपकड होते, त्याच कायद्याचं कलम ६४-अ सांगतं की अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालवू नये. पण जवळपास तसं ठिकाणच नसेल तर त्याने जायचं कुठे?

म्हणून आता नेमकं. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये, ३० दिवसांत उत्तर. जिल्हा रुग्णालयाला विचारा: व्यसनाच्या रुग्णांसाठी खाटा किती, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी असतात, बुप्रेनॉर्फिन गेल्या वर्षात किती दिवस शिल्लक नव्हतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा जिल्ह्यात नोंदलेली केंद्रं किती आणि शेवटची तपासणी कधी झाली, हेही विचारा. (आमच्या त्या केंद्राची नोंदणी होती का, हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा.)

उत्तराचा कागद घेऊन जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांना गाठा. पालकमंत्री अध्यक्ष असतात, जिल्ह्याचा वार्षिक आराखडा तिथे ठरतो. 'व्यसनमुक्ती करा' म्हटलं की सगळे माना डोलावतात. 'दहा खाटा, एक समुपदेशक, वर्षभराचा गोळ्यांचा साठा' म्हटलं की हो किंवा नाही म्हणावं लागतं.

माझ्या जिल्ह्याचा अर्ज मी सोमवारी टाकला, पोचपावती पाकिटात आहे. तुमचा जिल्हा कोणता ते कळवा, मसुदा पाठवतो. सही मात्र तुमची हवी, आणि खऱ्या नावाने.