शत्रूला स्वतःहून कोण सांगतं?
प्रतिस्पर्ध्यांची माहिती गोळा करणारा कंपन्यांचा विभाग म्हणजे छोटी रॉच (रॉ ही भारताची परदेशविषयक गुप्तचर संस्था), हे एका लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. १९६८ साली स्थापन झालेल्या रॉचं कामच परदेशातून गुपचूप माहिती काढणं. माहिती अधिकारातूनही तिला बहुतांशी सूट. कंपनीला असं सरकारी कवच कुठलं? २००१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलसाठी काम करणाऱ्यांनी प्रतिस्पर्धी युनिलिव्हरच्या शॅम्पूंची माहिती मिळवायला शिकागोत चक्क कचरा उपसला. प्रॉक्टरच्या वरिष्ठांना कळल्यावर त्यांनीच युनिलिव्हरला सांगून टाकलं, आणि शेवटी तडजोड करावी लागली. कुठली गुप्तचर संस्था असं करेल? तसंही प्रतिस्पर्ध्याचे ताळेबंद, नोकरीच्या जाहिराती, वितरकांच्या गप्पा यांत निम्मंअधिक उघडंच पडलेलं असतं. ते चिकाटीने वाचणाऱ्याचा अहवाल साहेब उघडतात का, हा प्रश्न वेगळा.