नुसती सीटकव्हरं बदलायची होती

खरं सांगतो, मला नुसती सीटकव्हरं बदलायची होती. कॅम्पर वगैरे डोक्यात नव्हतं. पण युट्युबवर एक गोरं जोडपं जुन्या व्हॅनचं घर करताना दिसलं, तीन मिनिटांत गाद्या शिवून झाल्या, पडदे लागले, मागे गिटार वाजतंय, कुत्रा शहाण्यासारखा बसलाय. मी वरणभात खात होतो. ताट धुवायला ठेवेपर्यंत माझं ठरलं होतं.

आमच्याकडे 2006ची ओम्नी आहे, बाबांची. ही गाडी 1984ला मारुती व्हॅन म्हणून आली, 1988पासून ओम्नी झाली आणि 2019ला बंद पडली, म्हणजे कंपनीने बंद केली, आमची अजून चालते. 796 सीसीचं इंजिन आणि तेही पुढच्या सीटखाली, त्यामुळे मे महिन्यात ड्रायव्हर इडलीसारखा वाफवून निघतो. हिंदी सिनेमावाल्यांनी या गाडीचं जे नाव खराब केलंय त्याबद्दल तर बोलायलाच नको, शाळेपाशी गाडी थांबवून सरकता दरवाजा उघडला की अजूनही आया पोरांचे हात घट्ट धरतात.

तर एका रविवारी मी मागचं बाकडं सोलायला घेतलं. सोलायला हाच शब्द बरोबर आहे. सगळ्यात वर बाबांचा सोलापुरी टॉवेल. त्याखाली मरून मखमली कव्हर. त्याखाली बिस्किट रंगाचं नकली लेदर. आणि त्याच्याखाली, मित्रांनो, शोरूममधून आलेलं प्लास्टिक! आणि प्लास्टिकखाली मूळ सीट, एक डाग नाही, एक सुरकुती नाही. वीस वर्षं बाबा ज्या सीटवर बसत होते तिच्यावर ते एकदाही बसले नव्हते.

"बघ, कशी ठेवलीय," बाबा गॅलरीतून म्हणाले.

मी कौतुकाने सीटवर हात दाबला तर हात आत गेला आणि आतच राहिला. वरून नवीकोरी, आतून पीठ. गाडी उन्हात उभी, ओल प्लास्टिकखाली अडकलेली, फोमचा पार भुगा झालेला. उसवल्यावर बेसनाचं पोतं फुटल्यासारखी पिवळी धूळ उडाली आणि त्या बेसनात खजिना सापडला: एक चार आण्याचं नाणं (2011च्या जूनअखेर चलनातून गेलं, तेव्हा ते इथे लपून बसलं असणार), आजीची ओव्याची डबी, आणि आईच्या कुड्याची सोन्याची फिरकी. ही फिरकी हरवली तेव्हा घरात जे झालं होतं ते मला चांगलं आठवतंय. बाबांचं तेव्हा म्हणणं होतं की फिरकी लग्नाच्या हॉलमध्येच पडली, गाडीत नाही, गाडी मी स्वतः बघितलीय. आता आई काही बोलली नाही. तिने फिरकी धुतली, पुसली आणि बाबांच्या चहाच्या बशीत ठेवली.

आधी रीतसर कुशनवाल्याकडे गेलो होतो, नाही असं नाही. त्याने सीटवर दोन चापट्या मारल्या, डॉक्टर छाती ठोकतात तशा, आणि चौदा हजार सांगितले. मी म्हटलं, भाऊ, मग मी घरीच करतो. त्यावर तो हसला नाही, रागावला नाही, फक्त हातातली सुई बाजूला ठेवून म्हणाला, "करा साहेब. नाही जमलं तर घेऊन या, उसवायचे वेगळे पडतील."

इथून पुढे जे झालं त्याला तो माणूस जबाबदार आहे असं मी बायकोला सांगत असतो.

पुण्याच्या बोहरी आळीत फोम आणि रेक्झिन घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, किती डेन्सिटी? मी म्हटलं, मऊ द्या. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी सोनाराकडे जाऊन पिवळं द्या म्हटलंय. मग त्यानेच शिकवलं की 32 डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला 32 किलो, 40 म्हणजे 40, आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, टिकाऊपणा. खाली जड आणि कडक थर घ्यायचा, वर पातळ मऊ, नाहीतर सहा महिन्यांत बूड थेट पत्र्याला टेकतं. आणि फोम कव्हरपेक्षा अर्धा इंच मोठाच कापायचा, म्हणजे कव्हर ताठ बसतं. रेक्झिनचा पन्हा 54 इंच. फोमची आडवी लादी घेऊन त्या गल्लीतून चालत बाहेर येणं हा वेगळाच प्रकार, वारा आला की मी अनोळखी लोकांच्या अंगावर जात होतो, मऊच लागत असल्यामुळे कोणी फार ओरडलं नाही.

फोम ब्रेडच्या सुरीने मस्त कापला जातो. हे खरं आहे. त्या सुरीने नंतर ब्रेड कापू नये हेही खरं आहे.

जुनं कव्हर शिवणीवर उसवून त्याचाच कागदासारखा साचा घ्यायचा, खडूने आखायचं, शिलाईला जागा सोडायची, इथपर्यंत मी स्वतःला कारागीर समजत होतो. मग आईचं शिलाई मशीन आलं. त्या मशीनने आयुष्यात परकर, उशांचे अभ्रे आणि माझी शाळेची पॅन्ट एवढंच बघितलेलं. 18 नंबरची जाड सुई लावली, नायलॉनचा दोरा लावला, एक पदर शिवला, दोन पदर शिवले, पायपिंगसकट (म्हणजे शिवणीवरची ती गोल, फुगीर कड) चार पदर आले तेव्हा मशीन थांबलं. मी जोर लावला. सुई तुटून चष्म्यावर टणकन आपटली आणि आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "मोडलंस?" यातला स्वर फक्त आयांनाच जमतो. शेवटी पायपिंग रद्द केलं. बायकोला सांगितलं की हल्ली मिनिमल चालतं.

कव्हर चढवायच्या आधी रेक्झिन तासभर उन्हात टाकायचं म्हणजे ते ढिलं पडतं आणि ओढलं जातं. मी टाकलं. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी येऊन पापड आहेत का विचारलं.

आता छत. खरी कसोटी छताची. आतलं कापड लोंबायला लागलं होतं, मागे बसणाऱ्याला लग्नाच्या मांडवात बसल्यासारखं वाटायचं. ते ओढून काढलं की मागे जुन्या फोमची पावडर पत्र्यालाच चिकटून राहते, ती ब्रशने खरवडून पुरती काढावी लागते, नाहीतर नवीन कापड चिकटतं ते पत्र्याला नाही तर पावडरीला, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या डोक्यावर येतं. (माझ्या आलं. दोनदा.) तो पिवळा गोंद, कारागीर ज्याला सोल्युशन म्हणतात, दोन्ही बाजूंना लावायचा, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचा आणि मग टेकवायचा, एकदा टेकलं की संपलं, सरकवाबिरकवायची सोय नाही. मी आत वाकून उभा राहून कापड टेकवत होतो, तोल जायला लागला म्हणून डोकं वर उचललं, आणि मी छताला चिकटलो. पूर्ण नाही, मागचे केस. दार बंद, सोल्युशनच्या वासाने गरगरतंय, फोन पुढच्या सीटवर. बायको आली, तिने आधी फोटो काढला, मग कात्री आणली. कापड मात्र त्या जागी आजतागायत सुटलेलं नाही.

झोपायला प्लायचा खोका केला, बाकड्यापुढचा खड्डा भरायला. बाकडं काढून टाकावं असं फार वाटत होतं, पण मोटार वाहन कायद्याच्या 52 कलमात आरसी बुकाशी जुळणार नाहीत असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ही गाडी आरटीओत नेऊन दाखवायची असते. म्हणून खोका उचलून काढता येईल असा ठेवला. झोपायची जागा झाली साडेपाच फूट. मी पाच फूट नऊ. भूमितीत आडवा कर्ण नावाची सोय असते हे आठवलं, पण त्या कर्णावर आधीच बायको झोपलेली असते.

पहिली ट्रिप भाटघर धरणापाशी. रात्री रेक्झिन पाठीला चिकटलं, कूस बदलली की सेलोटेप काढल्यासारखा आवाज, काचा बंद ठेवल्या तर आपलाच श्वास थेंब होऊन छतावरून कपाळावर, उघडल्या तर डास. अडीच वाजता बायकोने अंधारात काहीतरी चाचपलं आणि अंगाखाली पसरलं. बाबांचा सोलापुरी टॉवेल. तिने तो गुपचूप आणला होता. त्यावर आम्ही सहा वाजेपर्यंत मेल्यासारखे झोपलो.

परत आल्यावर बाबा गाडी बघायला खाली उतरले. गादी दाबली, पडदा सरकवून बघितला, छतातले माझे केस बघितले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवल्यावर पेपर घेऊन खाली गेले ते चहालाच वर आले. मग रोजच. पाच फूट चार इंचांच्या माणसाला ती गादी अगदी मापात बसते. टॉवेल आता पुन्हा सीटवर असतो, टेबलफॅनची वायर पार्किंगच्या प्लगपर्यंत आलीय, उशी वर येत नाही.

परवा शनिवारी दोन वाजता मी चावी मागायला खाली गेलो, जरा भोरकडे जाऊन यावं म्हटलं. पडदा चार बोटं सरकला.

"चारनंतर ये," बाबा म्हणाले, आणि आतून कडी लावली. कडी मी बसवली नव्हती.